चालत्या सर्व्हरला नवी डिस्क

फौंड्रीतून जेवढं ओतीव काम बाहेर पडतं, तेवढाच माहितीचा ढीगही साठत जातो. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मध्यम फौंड्रीचं उदाहरण घेऊ. प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीतल्या एका वितळणीचा, नंबर, त्या हीटचा स्पेक्ट्रोमीटर रिपोर्ट, पॅटर्नची ड्रॉइंगं, मशिनिंगचे प्रोग्राम, तपासणीच्या वेळी काढलेले फोटो, एक्स-रे, गेटवरच्या नोंदी, हिशोब. वाहन कंपन्यांना माल द्यायचा तर यातलं बरंचसं वर्षानुवर्षं जपावं लागतं. पाच वर्षांनी एखादा भाग तुटला तर तो कुठल्या हीटचा होता आणि त्या हीटमध्ये कार्बन किती होता, हे सांगता आलं पाहिजे. त्यामुळे जुनं पुसून जागा करावी म्हटलं तर ते जमत नाही.

समजा, अशा फौंड्रीत लिनक्सवर चालणारा एक सर्व्हर आहे. जुना आहे, पण कामाला चोख. आत दोन टेराबाइटची एक डिस्क आणि जागेचा हिशोब दाखवणारी ‘डीएफ’ ही आज्ञा सांगते आहे की ९४ टक्के भरली. तीन पाळ्या चालू आहेत, ऑर्डरी हातात आहेत, सर्व्हर दिवसभर बंद ठेवायची सोय नाही. नवी डिस्क आणायची हे ठरलेलंच आहे. पण ती आणल्यावर नेमकं काय करायचं?

पूर्वीपासूनच्या वाटा दोन. पहिली म्हणजे नवी डिस्क स्वतंत्र फोल्डर म्हणून जोडायची. ‘डेटा’ होता, आता ‘डेटा-दोन’ झाला. वर्षभरानं ‘डेटा-तीन’ होतो, आणि मग ड्रॉइंग विभागातला माणूस तिन्ही ठिकाणी एकच फाइल शोधत बसतो. प्रोग्रामांमध्ये जुना पत्ता लिहिलेला असतो, तो प्रत्येक ठिकाणी बदलावा लागतो. दुसरी वाट म्हणजे मोठी डिस्क आणायची, जुनीतलं सगळं तिच्यावर उतरवून घ्यायचं आणि जुनी काढून टाकायची. सेकंदाला १५० मेगाबाइट हा बरा वेग धरला तरी दोन टेराबाइट उतरवायला पावणेचार तास लागतात. लाखो बारीक फाइली असतील तर त्याहून कितीतरी जास्त. तेवढा वेळ कुणी नवी फाइल लिहायची नाही, म्हणजे काम बंद. आणि दोन वर्षांनी पुन्हा तेच.

दोन्ही वाटांचं मूळ दुखणं एकच आहे: माहितीचा पत्ता लोखंडी डिस्कला बांधलेला आहे. आयबीएमनं १९५६ साली आणलेल्या पहिल्या डिस्क यंत्रात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर मिळून ५० लाख अक्षरं मावत. त्यानंतर कितीतरी वर्षं साधा नियम असा राहिला की फाइल सिस्टीम एका डिस्कवर किंवा डिस्कच्या एका भागावर बसवायची. डिस्क जेवढी मोठी तेवढीच तिची मर्यादा. ही गाठ सोडवण्याची जी युक्ती निघाली तिला लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजमेंट, थोडक्यात एलव्हीएम, म्हणतात.

ही कल्पना समजायला कागल तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या कपाटातला एक कागद पुरेसा आहे: ८-अ चा उतारा. शेतकऱ्याची जमीन बहुधा एका जागी नसते. थोडी दूधगंगेकाठची मळीची, थोडी माळावरची, थोडी ओढ्यापलीकडची. प्रत्येक तुकड्याचा गट नंबर वेगळा, सातबारा वेगळा. पण गाव नमुना ८-अ मध्ये त्या खातेदाराची गावातली सगळी जमीन एका खात्यावर येते आणि खाली एकूण क्षेत्राचा एकच आकडा असतो. जमीन जागची हलत नाही, एकत्र येते ती नोंद. उद्या त्यानं आणखी वीस गुंठे घेतले तर खरेदीखत होतं, फेरफार पडतो आणि खात्यावरचा आकडा वाढतो. खातं तेच राहतं.

एलव्हीएम हेच डिस्कच्या बाबतीत करतं. प्रत्येक डिस्क, किंवा डिस्कचा भाग, म्हणजे एक फिजिकल व्हॉल्यूम. असे अनेक मिळून एक व्हॉल्यूम ग्रुप. आणि त्या ग्रुपमधल्या एकूण जागेतून हवी तेवढी जागा काढून दिली की झाला लॉजिकल व्हॉल्यूम. फाइल सिस्टीम या शेवटच्या लॉजिकल व्हॉल्यूमवर बसते. तिच्या दृष्टीनं ती एक सलग डिस्क असते. खाली लोखंड एक आहे की चार, याची तिला खबरही नसते. डिस्क वाढली तरी ‘डेटा’ हे फोल्डर ‘डेटा’च राहतं, आणि सर्व्हर सुरू होताना काय कुठे जोडायचं हे सांगणाऱ्या फाइलमधली एक ओळही बदलावी लागत नाही.

लिनक्समध्ये हे आलं ते १९९८ साली. हाइन्झ माउएल्सहागेन या जर्मन प्रोग्रामरनं ते लिहिलं, आणि नमुना म्हणून एचपी-यूएक्स या एचपीच्या युनिक्समधली रचना समोर ठेवली. आज्ञांची नावंसुद्धा तीच घेतली. त्याआधी आयबीएमनं १९९० साली आपल्या एआयएक्स प्रणालीत लॉजिकल व्हॉल्यूम आणलेच होते. म्हणजे मोठ्या पैशाच्या यंत्रांवरची ही सोय होती आणि ती फुकट मिळणाऱ्या लिनक्समध्ये येणं ही मोठीच गोष्ट ठरली. नंतर हे काम सिस्टिना या कंपनीकडे होतं, तिला डिसेंबर २००३ मध्ये रेड हॅटनं घेतलं. त्याच महिन्यात लिनक्सचं २.६ कर्नल बाहेर पडलं आणि त्यातल्या ‘डिव्हाइस मॅपर’ या भागावर एलव्हीएमची दुसरी आवृत्ती उभी राहिली. पहिल्या आवृत्तीत एका लॉजिकल व्हॉल्यूमला ६५,५३४ तुकड्यांची मर्यादा होती. नेहमीच्या मापानं ती २५६ गिगाबाइटला संपायची. आज आपण जी वापरतो ती दुसरी आवृत्ती, आणि तिला ही अडचण नाही.

हे तुकडे म्हणजे एक्स्टेंट. व्हॉल्यूम ग्रुपमधली सगळी जागा सारख्या आकाराच्या एक्स्टेंटांत मोजली जाते. नेहमीचा आकार चार मेबिबाइट, आणि एका ग्रुपमध्ये सगळ्या डिस्कना एकच माप. चार टेराबाइटच्या नेहमीच्या डिस्कवर असे साडेनऊ लाखांच्या वर एक्स्टेंट बसतात. लॉजिकल व्हॉल्यूम म्हणजे शेवटी एक यादी: पहिले इतके एक्स्टेंट या डिस्कवरचे, पुढचे इतके त्या डिस्कवरचे. फाइल सिस्टीमनं अमुक ठिकाणची माहिती मागितली की डिव्हाइस मॅपर ती यादी बघतो आणि मागणी त्या त्या डिस्ककडे पाठवतो. या भाषांतराला वेळ जवळजवळ लागतच नाही.

याच ठिकाणी दुकानदाराशी होणारा एक वादही मिटवून टाकू. चार टेराबाइटची डिस्क घेतली आणि सर्व्हर ३.६४ दाखवतो, म्हणजे फसवणूक झाली असं अनेकांना वाटतं. तसं नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, एलव्हीएमच्या आज्ञा १,०२४ च्या पटीत. बाइट तेवढेच आहेत. खरेदीचा अंदाज मात्र या लहान आकड्यावर बांधावा.

आता प्रत्यक्ष काम. आपल्या सर्व्हरवरची ‘डेटा’ची डिस्क आधीपासूनच एलव्हीएमच्या ग्रुपमध्ये आहे असं धरू. पुढे ट्रे असलेल्या सर्व्हरमध्ये चालू असतानाच डिस्क सरकवता येते. साध्या डब्याच्या मशिनला तेवढ्यापुरतं बंद करावं लागतं. डिस्क बसली की ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा द्यावी. ती सगळ्या डिस्कची यादी दाखवते: एसडीए, एसडीबी, एसडीसी. इथे पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सावधगिरी. ही नावं कायमची नसतात. मशिन पुन्हा सुरू झालं की आज एसडीबी असलेली डिस्क उद्या एसडीसी होऊ शकते. म्हणून नावावर विसंबू नये. डिस्कच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर बसवण्याआधीच कागदावर उतरवून घ्यावा आणि पडद्यावरच्या सिरियल नंबराशी ताडून बघावा. पुढची आज्ञा चुकीच्या डिस्कला दिली गेली, तर ज्या माहितीसाठी हा खटाटोप चालला आहे तीच जाईल.

ती आज्ञा म्हणजे ‘पीव्हीक्रिएट’. तिच्या नावाचा दबदबा मोठा असला तरी ती करते ते अगदी थोडं. डिस्कभर ती काही लिहीत नाही. डिस्कचे ५१२ बाइटांचे कप्पे धरले तर दुसऱ्या कप्प्यात ती एक खूण लिहिते. ‘लेबलवन’ या रोमन अक्षरांनी ती खूण सुरू होते आणि तिच्यात त्या डिस्कचा ३२ अक्षरी ओळख क्रमांक असतो. डिस्क पुढे कुठल्याही खाचेत बसवली, तिला कुठलंही नाव मिळालं, तरी एलव्हीएम तिला या क्रमांकावरून ओळखतं. सुरुवातीची साधारण एक मेबिबाइट जागा नोंदवहीसाठी राखली जाते. बाकी सगळी डिस्क जशीच्या तशी. डिस्कवर आधीपासून काही असेल तर आज्ञा थांबते आणि जुनी खूण सापडली आहे, पुसू का, असं विचारते. नवी कोरी डिस्क असताना हा प्रश्न येताच कामा नये. आला, तर उत्तर न देता हात मागे घ्यावा आणि सिरियल नंबर पुन्हा बघावा.

दुसरी आज्ञा ‘व्हीजीएक्स्टेंड’. ती नव्या डिस्कला ग्रुपमध्ये घेते. इथे फेरफार पडतो असं म्हणायला हरकत नाही, कारण नोंदवही खरोखरच तशी ठेवलेली असते. ती साध्या अक्षरांत असते, माणसाला वाचता येते, प्रत्येक बदलाबरोबर तिचा अनुक्रमांक एकानं वाढतो आणि नेहमीच्या मांडणीत ग्रुपमधल्या प्रत्येक डिस्कवर तिची प्रत असते. शिवाय सर्व्हरच्या ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये एलव्हीएमच्या नावाच्या कप्प्यात ताजी प्रत ‘बॅकअप’मध्ये आणि आधीच्या प्रती ‘आर्काइव्ह’मध्ये साठत जातात. गाव नमुना ६ मध्ये जसा जमिनीच्या प्रत्येक बदलाचा माग लागतो, तसा इथे डिस्कच्या प्रत्येक बदलाचा लागतो. चुकून काही बिघडलं तर आधीची नोंद परत बसवता येते. मात्र त्या प्रती सर्व्हरवरच ठेवल्या आणि सर्व्हरच गेला तर उपयोग शून्य. त्या दुसऱ्या मशिनवर उतरवून ठेवाव्यात, फार तर काही किलोबाइट होतील.

तिसरी आज्ञा ‘एलव्हीएक्स्टेंड’. ग्रुपमध्ये आलेली जागा ती लॉजिकल व्हॉल्यूमला देते. आणि इथे नवखा माणूस हमखास अडतो. तिन्ही आज्ञा बिनतक्रार पार पडतात, तो समाधानानं ‘डीएफ’ बघतो आणि आकडा तोच: ९४ टक्के. कारण फाइल सिस्टीम हा त्याच्याही वरचा मजला आहे आणि खालची जागा वाढल्याचं तिला कुणी कळवलेलंच नाही. एक्स्ट४ असेल तर ‘रिसाइझटूएफएस’, एक्सएफएस असेल तर ‘एक्सएफएस-ग्रोएफएस’ ही आज्ञा द्यावी लागते. दोन्ही चालू फाइल सिस्टीमवर काम करतात. लोक फाइली उघडून बसलेले असताना काही सेकंदांत आकडा खाली येतो. ‘एलव्हीएक्स्टेंड’ला ‘आर’ हा पर्याय जोडला तर ती हे कामही स्वतःच करते, आणि तसंच करावं.

सर्व्हर आभासी असेल, म्हणजे एका मोठ्या यंत्राच्या पोटात चालणारा असेल, तर अनेकदा नवी डिस्क न जोडता आहे तीच मोठी करून मिळते. तेव्हा ‘पीव्हीरिसाइझ’ ही आज्ञा एलव्हीएमला नवा आकार कळवते आणि पुढचं सगळं तसंच. डिस्कवर आधी पार्टिशन पाडलेलं असेल तर ते आधी वाढवावं लागतं, एवढंच लक्षात ठेवायचं.

इतकं वाचून कुणी म्हणेल की मग आता अवघड काय राहिलं? जोडणं अवघड नाहीच. तीन आज्ञा, दहा मिनिटं. आणि याच सोपेपणाची मला काळजी वाटते.

८-अ च्या उताऱ्याशी केलेली तुलना एका जागी साफ मोडते. दूधगंगेला पूर आला आणि मळीतला ऊस पाण्याखाली गेला, तरी माळावरचा ऊस उभाच राहतो. नुकसान तुकड्यापुरतं. एलव्हीएमच्या साध्या, एकापुढे एक डिस्क जोडण्याच्या रचनेत तसं होत नाही. एकच फाइल सिस्टीम दोन डिस्कवर पसरलेली असते. एखाद्या फोल्डरची यादी पहिल्या डिस्कवर आणि त्यातल्या फाइली दुसऱ्यावर असू शकतात. मोठ्या फाइलीचा अर्धा भाग इकडे, अर्धा तिकडे. एक डिस्क गेली की फाइल सिस्टीम मोडते. उरलेल्या डिस्कवरचं थोडंफार तज्ज्ञाकडून सोडवून घेता येईलही, पण त्यात पैसे फार जातात आणि मिळेल ते अर्धवट.

आकड्यात बघू. समजा, एखादी डिस्क वर्षभरात बंद पडण्याची शक्यता शंभरात दोन आहे. अशा चार डिस्क एका व्हॉल्यूममध्ये ओवल्या, तर वर्षभरात त्यांतली निदान एक जाण्याची, म्हणजे सगळंच जाण्याची, शक्यता शंभरात जवळजवळ आठ होते. जागा चौपट झाली तशी धास्तीही जवळजवळ चौपट. शिवाय चारातली एक डिस्क सहा वर्षांची असेल तर सगळ्यांचं आयुष्य तिच्या हाती. म्हणून माझं स्पष्ट मत असं की जुन्या एकट्या डिस्कच्या शेजारी नवी एकटी डिस्क जोडून व्हॉल्यूम लांबवणं हा कारखान्याच्या नोंदींसाठी योग्य मार्ग नाही. पुन्हा तयार करता येईल अशा मालासाठी, तात्पुरत्या फाइलींसाठी ते चालेल. हीटच्या रिपोर्टांसाठी नाही.

मग आपल्या फौंड्रीनं काय करावं? चार टेराबाइटची एक डिस्क घ्यायच्या ऐवजी दोन घ्याव्यात. खर्च दुप्पट होतो हे खरं. पण एका रद्द झालेल्या ऑर्डरीपुढे तो किरकोळ आहे. आणि मग एलव्हीएमची खरी ताकद वापरावी.

आधी पूर्ण बॅकअप, आणि तो उघडून बघितलेला. मग दोन्ही नव्या डिस्क ग्रुपमध्ये घ्यायच्या, पण व्हॉल्यूम लगेच वाढवायचा नाही. त्याऐवजी ‘पीव्हीमूव्ह’ ही आज्ञा द्यायची: जुन्या डिस्कवरचे सगळे एक्स्टेंट पहिल्या नव्या डिस्कवर हलव. एलव्हीएममधली ही मला सर्वांत आवडणारी गोष्ट. जमीन जागची हलत नाही असं वर म्हटलं, इथे मात्र ती हलते आणि खातेदाराला पत्ताही लागत नाही. एलव्हीएम जुन्या आणि नव्या जागेची तात्पुरती जोडी लावतं. एकेक भाग उतरवला जातो, त्या वेळी कुणी त्या भागात लिहिलं तर ते दोन्हीकडे लिहिलं जातं आणि भाग पूर्ण उतरला की यादीतला पत्ता बदलतो. पडद्यावर टक्के सरकत राहतात. खाली तिसऱ्या पाळीतला माणूस रिपोर्ट उघडतो, भरतो, बंद करतो. त्याला सर्व्हर जरासा मंद वाटेल, एवढंच. सेकंदाला १२० मेगाबाइट वेगानं पावणेदोन-दोन टेराबाइटला साडेचार तास लागतील, कामाच्या गर्दीत त्याहून अधिक. म्हणून हे शक्यतो सुट्टीच्या आदल्या रात्री सुरू करावं. मध्येच वीज गेली आणि यूपीएसनं दम सोडला तरी घाबरायचं कारण नाही. मशिन सुरू झाल्यावर नुसती ‘पीव्हीमूव्ह’ आज्ञा दिली की शेवटच्या नोंदवलेल्या टप्प्यापासून काम पुढे चालू होतं.

सगळं हललं की ‘व्हीजीरिड्यूस’नं जुनी डिस्क ग्रुपमधून काढायची. मग ‘एलव्हीकन्व्हर्ट’नं त्या लॉजिकल व्हॉल्यूमला आरसा लावायचा, म्हणजे त्याचा प्रकार रेड-१ करायचा, आणि दुसरी प्रत दुसऱ्या नव्या डिस्कवर ठेवायला सांगायचं. पुन्हा काही तास प्रत तयार होत राहील. ती शंभर टक्के झाली याची खात्री झाल्यावरच व्हॉल्यूम वाढवायचा. आता वाढ दोन्ही डिस्कवर सारखी होते. पुढे यांतली एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, आणि गेलेल्या डिस्कच्या जागी नवी घालून आरसा दुरुस्त करता येतो. ही अवस्था यायला दहा मिनिटांच्या जागी एक रात्र आणि एक दिवस गेला, पण या वेळात फौंड्रीचं काम एकदाही थांबलं नाही.

व्हॉल्यूम किती वाढवायचा? सगळी मोकळी जागा एका आज्ञेत देऊन टाकायचा मोह होतो. देऊ नये. वाढवणं सोपं आहे, आक्रसणं नाही. एक्सएफएसचा आकार व्यवहारात कमी करताच येत नाही. एक्स्ट४ चा होतो, पण फाइल सिस्टीम बंद ठेवून आणि धोका पत्करून. ३.६४ मधले तीन द्यावेत, उरलेले ग्रुपमध्ये शिल्लक ठेवावेत. स्नॅपशॉट घ्यायला, म्हणजे एखाद्या क्षणीच्या स्थितीची झटपट नोंद धरून ठेवायला, हीच शिल्लक लागते. उद्या हिशोबाच्या व्हॉल्यूमला जागा कमी पडली तर तीही इथूनच मिळते.

काही बारीक खाचा अशा आहेत की त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या. यूएसबीची डिस्क ग्रुपमध्ये कधीही घेऊ नये. साफसफाई करताना कुणीतरी ती काढणार, आणि तेवढ्यात व्हॉल्यूमचा एक भाग नाहीसा होणार. जलद एसएसडी आणि फिरणारी डिस्क एकाच व्हॉल्यूममध्ये आंधळेपणानं मिसळू नयेत. एकच फोल्डर कधी झटपट, कधी रेंगाळणारं असं वागू लागतं. ग्रुप एक ठेवूनही कुठला व्हॉल्यूम कुठल्या डिस्कवर बसावा हे आज्ञेत सांगता येतं, ते सांगावं. आणि कप्प्याचा आकार: जुन्या डिस्क ५१२ बाइटांच्या कप्प्यांत वाचन-लेखन करतात, काही नव्या डिस्क ४,०९६ बाइटांच्या. पूर्वी एलव्हीएम अशी सरमिसळ होऊ द्यायचं, आणि व्हॉल्यूम वाढवल्यानंतर एक्सएफएस पुन्हा जोडलंच जाईना असे प्रकार घडले. हल्लीच्या आवृत्त्या ‘व्हीजीएक्स्टेंड’लाच नकार देतात. असा नकार आला तर सेटिंग बदलून तो मोडून काढू नये, जुळणारी डिस्क आणावी.

आरसा म्हणजे बॅकअप नव्हे, हेही इथेच बजावून ठेवतो. कुणी चुकून फोल्डर पुसलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसलं जातं. खंडणी मागणारा व्हायरस आला तर दोन्ही प्रती कुलूपबंद होतात. स्नॅपशॉटही त्याच ग्रुपमध्ये, त्याच डिस्कवर असतो. बॅकअप तोच जो दुसऱ्या यंत्रावर आणि शक्यतो दुसऱ्या जागी आहे.

दुसरी जागा निवडताना कागलच्या माणसानं नद्या विचारात घ्याव्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुणे-बंगळूर महामार्ग उत्तरेला शिरोलीजवळ पंचगंगेच्या पाण्यानं आणि दक्षिणेला यमगर्णीजवळ वेदगंगेच्या पाण्यानं बंद पडला होता. अशा वेळी डिस्क गेली तर पुण्याहून मागवलेली नवी डिस्क वाटेतच अडकते. आरशातली एक बाजू गेलेली आणि दुसरीवर सगळा भार, अशा अवस्थेत पाणी उतरायची वाट बघत बसणं फार जिवावर येतं. त्यामुळे पावसाळ्याआधी त्याच आकाराची, किंवा थोडी मोठी, एक सुटी डिस्क कपाटात आणून ठेवावी. आणि ती खोक्यात पडून राहू न देता आधी एकदा मशिनला जोडून ‘स्मार्टसीटीएल’नं तिची लांब चाचणी करून घ्यावी, कारण नव्या डिस्कही कधीकधी सदोष निघतात. बॅकअपची प्रत पूररेषेपासून दूर, उंचावरच्या जागी असावी.

काम संपलं की दोन नोंदी लगेच कराव्यात. प्रत्येक ट्रेवर पट्टी चिकटवून डिस्कच्या सिरियल नंबराचे शेवटचे चार आकडे आणि बसवल्याची तारीख लिहावी. डिस्क जाते तेव्हा ‘अमुक सिरियलची डिस्क गेली’ असं सर्व्हर सांगतो. त्या घाईत ट्रे एकामागून एक बाहेर ओढून नंबर शोधायला लागलं, तर चांगली डिस्क ओढली जाते. दुसरी नोंद म्हणजे ‘पीव्हीएस’, ‘व्हीजीएस’ आणि ‘एलव्हीएस’ या तीन आज्ञांचं उत्तर कागदावर छापून सर्व्हरच्या खोलीतल्या फाइलला लावावं. सर्व्हर बघणारा माणूस नोकरी सोडून गेला तरी त्याच्यामागून येणाऱ्याला त्या एका पानावरून सगळी मांडणी कळते.

राहता राहिली ती जुनी दोन टेराबाइटची डिस्क. ती ग्रुपमधून बाहेर काढली, ‘पीव्हीरिमूव्ह’ही केलं, म्हणजे ती रिकामी झाली असं समजू नये. ‘पीव्हीरिमूव्ह’ फक्त सुरुवातीची खूण पुसतं. ग्राहकांची ड्रॉइंगं, दर, पगारपत्रकं हे सगळं तिच्यावर अजून तसंच आहे आणि भंगारातून ती विकत घेणाऱ्याला थोड्या खटपटीनं ते वाचता येईल. नवी मांडणी महिनाभर नीट चालेपर्यंत ती कुलपात ठेवावी. त्यानंतर ‘श्रेड’सारख्या आज्ञेनं पहिल्या कप्प्यापासून शेवटच्यापर्यंत तिच्यावर दुसरं काहीतरी लिहून काढावं. डिस्क बिघडल्यामुळे लिहिताच येत नसेल, तर तिला टूलरूममध्ये न्यावं आणि ड्रिलनं तबकड्यांतून आरपार तीन-चार भोकं पाडून मगच भंगारात द्यावं.